शेजारचा हात

“मॅडम, माझं काय चुकलं?”

सिम्युलेटरच्या काळोखात त्यानं हे इतक्या हळू विचारलं की कॉम्प्युटरच्या पंख्यांच्या घरघरीत ते जवळजवळ बुडूनच गेलं. रात्रीचं लँडिंग होतं, आडवा वारा, विमान एअरबस ए३२०. तो उजवीकडच्या खुर्चीत, मी डावीकडच्या, आणि कंट्रोल्स त्याच्याकडं. रेडिओ अल्टिमीटरचा आवाज उंची मोजत खाली येत होता, फिफ्टी, फोर्टी, थर्टी. त्यानं नाक उचलायला साइडस्टिक, म्हणजे खुर्चीच्या बाजूची ती छोटी दांडी, मागं ओढली आणि विमान हवं त्यापेक्षा जरा जास्तच वर बघायला लागलं. धावपट्टीचे दिवे खालून सरकत राहिले, चाकं काही टेकेनात. तेवढ्यात स्पीकरमधून तो कोरडा यांत्रिक आवाज आला, “ड्युअल इनपुट.” समोरच्या पट्टीवर दोन हिरवे दिवे एकदम लुकलुकले, एक त्याच्यापुढं, एक माझ्यापुढं. मग चाकं आपटली, आणि सहा पायांवर उभी असलेली ती सगळी खोली दाणकन हादरली.

त्याचं काहीच चुकलं नव्हतं. चुकला होता माझा डावा हात.

हे मला नंतर, रीप्ले लावल्यावर कळलं. त्याआधी कुणी विचारलं असतं तर माझा हात स्टिकवर नुसता टेकलेला होता, मी ती ओढली नाही, असं मी शपथेवर सांगितलं असतं. पण पडद्यावर दोन रेघा होत्या. एक त्याची, सावकाश चढत गेलेली, नवख्या माणसाच्या मानानं छान. तिच्या खाली माझी, सपाट, आणि अगदी शेवटी तिच्यावर नखाएवढा उंचवटा. जेमतेम दीड-दोन सेकंदांचा. धावपट्टी जवळ येताना माझ्या हातानं मला न विचारता नाक उचललं होतं. चूक तशी किरकोळ, सिम्युलेटरमधली, कुणाला खरचटलंही नाही. तरी गेले कित्येक दिवस ती माझा पिच्छा सोडत नाही, आणि त्याचं कारण माझी चूक हे नाही. कारण आहे त्याचा तो प्रश्न. त्याच्या हातानं मागितलं तेवढं विमानानं दिलं नाही, थोडं जास्त दिलं. ते जास्तीचं कुठून आलं हे कळायला त्याच्या हाताला काही वावच नव्हता. म्हणून त्या मुलानं सगळं स्वतःवर घेतलं.

ए३२०मध्ये दोघांच्या स्टिक्स एकमेकींना जोडलेल्या नसतात. कॅप्टनची डाव्या भिंतीशी, को-पायलटची उजव्या भिंतीशी, मूठभर उंचीची, स्प्रिंगवर उभी. मी माझी हलवली तर त्याची जागची हलत नाही. दोघांनी एकाच वेळी हलवल्या तर कॉम्प्युटर दोघांची बेरीज करतो आणि ती एका स्टिकच्या पूर्ण टोकापलीकडं जाऊ देत नाही. मी अर्धी पुढं ढकलली, त्यानं अर्धी मागं ओढली, की उत्तर शून्य. दोघांच्याही मुठीत ताकद आहे आणि विमान ढिम्म. दोघांनी अर्धी-अर्धी मागं ओढली की विमानाला वाटतं, कुणीतरी जिवाच्या आकांतानं पूर्ण ओढतंय. हे टाळायला स्टिकवर एक लाल बटण असतं. ते दाबून धरलं की समोरच्याची स्टिक मुकी होते, स्पीकर “प्रायॉरिटी लेफ्ट” किंवा “प्रायॉरिटी राइट” असं सांगतो, आणि ज्याचा हक्क गेला त्याच्यापुढं लाल बाण पेटतो. कागदावर यात एकही भोक नाही. एका वेळी उडवणारा एकच, देवाणघेवाण तोंडानं, “आय हॅव कंट्रोल”, “यू हॅव कंट्रोल”. हेच मी शिकवते, आणि मनापासून शिकवते.

पण हात आधी शिकतात, आणि माझे हात दुसरीकडं शिकले होते.

पहिल्यांदा विमान हातात आलं ते दोन खुर्च्यांचं छोटं सेसना. खांद्याला खांदा घासेल एवढीच आत जागा. दोघांपुढं एकेक योक, म्हणजे विमान वळवायचं, वर-खाली न्यायचं अर्धवट चाक, आतून जोडलेले. सर उजवीकडं बसायचे आणि त्यांच्या योकवर फक्त दोन बोटं ठेवायचे, तर्जनी आणि मधलं. बोलायचे फार कमी. मी वळण घेताना जोर जास्त लावला की त्या दोन बोटांचं वजन माझ्या तळहाताला लागायचं, अगदी हलकं, झोपलेल्या मुलाच्या अंगावरचं पांघरूण कुणी सारखं करावं तसं. चुकतेय हे मला वाक्यातून कळायच्या आत हातातून कळलेलं असायचं. कधी त्यांची बोटं तिथं आहेत की नाहीत हेच समजायचं नाही, आणि तोच दिवस चांगला गेला असं मी धरायची. मी मूठ आवळली की ते एवढंच म्हणायचे, “हात ढिला सोड. घट्ट धरलंस तर ते काय सांगतंय ते कसं कळेल तुला?”

एका सकाळी त्यांनी दार उघडलं, खाली उतरले, पट्टा व्यवस्थित लावून रिकामी खुर्ची बांधून टाकली आणि म्हणाले, जा. पहिल्या सोलोबद्दल लोक विचारतात तेव्हा मी आकाशाबद्दल काहीतरी सांगते. खरं आठवतं ते वेगळंच. वर गेल्यावर मी उजवीकडं पाहिलं तर रिकाम्या खुर्चीपुढचा योक हलत होता. मी डावीकडं वळवला की तो डावीकडं, मी ओढला की तोही मागं, रिकाम्या मांडीकडं. माझाच हात तिकडं पोचत होता, आणि तिकडून परत काहीच येत नव्हतं. एकटं असणं म्हणजे काय ते मला त्या हलणाऱ्या योकनं दाखवलं.

नंतरची काही वर्षं बोइंग ७३७वर गेली. तिथं योक म्हणजे दोन गुडघ्यांच्या मधून वर आलेला चांगला जाड खांब, त्याला आम्ही कॉलम म्हणतो, आणि त्यावर शिंगांसारखं अर्धं चाक. ऑटोपायलट उडवत असला तरी तो हलतो. रात्री सगळं शांत असताना, झोपेत माणूस कूस बदलतो तसा तो मधूनच थोडा डावीकडं कलायचा, थोडा मागं यायचा, आणि विमान काय करतंय ते न बघताही मांडीजवळ समजायचं. गुडघ्याशेजारी ट्रिमचं, म्हणजे नाकाचा तोल जागच्या जागी राखणारं, काळं चाक, त्यावर पांढरी खूण. ते अचानक खडखडत फिरायला लागलं की नव्या माणसाचा पाय दचकून आत जायचा. स्टॉल, म्हणजे पंखांवरची हवा सुटून विमान पडायची वेळ, जवळ आला तर कॉलमवरची मोटर तो सगळा खांबच थरथरवते. तो थरथराट कानाला नाही, हाडांना ऐकू येतो. आणि शेजारी बसलेल्या माणसाचा स्वभावही त्या खांबातून कळायचा. एका कॅप्टनचं चाक वाऱ्याच्या झोतात क्षणभर स्थिर नसायचं, भांडी घासल्यासारखा हात चालायचा. दुसऱ्या एकाचं त्याच वाऱ्यात इतकं कमी हलायचं की आधी मला वाटलं, हा काही करतच नाहीये. डोळे मिटून बसवलं असतं तरी उडवतंय कोण ते मी सांगितलं असतं.

एवढं लिहून झाल्यावर लगेच हेही लिहायला हवं, की त्या खांबाचा जडपणा काही सरळ शेपटीकडून आलेला नसतो. जेटच्या शेपटीवरचे पत्रे हायड्रॉलिक दाब हलवतो. हाताला लागणारं वजन मुद्दाम तयार केलेलं असतं, वेग वाढला की जास्त, कमी झाला की कमी. म्हणजे ती जुनी “जाणीव”सुद्धा कुणा इंजिनिअरनं विचारपूर्वक पायलटच्या हातात ठेवलेली. त्यामुळं योक खरा आणि साइडस्टिक खोटी, असं कुणी म्हणालं की मला ते पटत नाही. १९०३ साली राइट बंधूंच्या विमानात ना चाक होतं, ना अशी स्टिक. पालथं पडून कंबर डावी-उजवीकडं सरकवली की पंख पिळले जायचे. पहिल्या विमानानं डावं-उजवं वळण कमरेकडून घेतलं, हाताकडून नाही.

आणि साइडस्टिक मला आवडते, अगदी पहिल्या दिवसापासून. तिच्यावर आले तेव्हा समोरचा तो खांब नाहीसा झाल्यावर कॉकपिट एकदम एखाद्या अभ्यासिकेसारखं दिसलं. सगळे पडदे अडथळ्याशिवाय समोर, आणि पोटाजवळ ओढून घ्यायला चक्क एक टेबल. स्टिक थोडी कलवून सोडून द्यायची, ती स्प्रिंगनं मध्ये येते आणि विमान घेतलेला कल तसाच धरून ठेवतं. ट्रिम ते आपलं आपण करतं. कितीही ओढा, कॉम्प्युटर पंखांना त्यांच्या मर्यादेपलीकडं जाऊ देत नाही, कल ६७ अंशांवर थांबतो. सगळी सिस्टिम धडधाकट असेपर्यंत, घाबरलेल्या माणसाला सुचणारी सगळ्यात साधी गोष्ट, स्टिक पूर्ण मागं ओढणं, इथं विमानाला मारत नाही. हे काही थोडंथोडकं नव्हे. एअरबसचे इंजिनिअर आणि मूळचे लढाऊ वैमानिक बेर्नार झिगलेर यांनी हा विचार लावून धरला, आणि २२ फेब्रुवारी १९८७ला ए३२० पहिल्यांदा उडालं तेव्हा प्रवासी जेटच्या कॉकपिटमधून तो खांब गेला. डाव्या खुर्चीत यायची वेळ आली तेव्हा मात्र मी धास्तावले होते, कारण आता सगळं डाव्या मुठीवर, आणि मदतीला दुसरा हात लावायला चाकच नाही. चार दिवसांत डावी मूठ शिकली. हात किती लवकर शिकतात आणि किती हळू विसरतात!

लँडिंगचंच बघा. ए३२० पन्नास फुटांवर आलं की नाक किती वर आहे ते कॉम्प्युटर लक्षात ठेवतो आणि तीस फुटांपासून ते स्वतःहून हळूहळू खाली झुकवायला लागतो, आठ सेकंदांत क्षितिजाच्या दोन अंश खाली जाईल अशा बेतानं. कशासाठी? तर पायलटला स्टिक मागं ओढावी लागावी म्हणून. एरवी हे विमान दिलेला मार्ग धरून ठेवणारं, त्याला ओढत राहायची गरज नसते. पण जमीन जवळ आली की ओढायचं, ही पायलटच्या हाताची जुनी सवय. ती मोडू नये म्हणून कुणीतरी ही एवढीशी सोय करून ठेवली. मला हा सगळ्या विमानातला सगळ्यात हळवा भाग वाटतो. आणि माझा हात ओढला गेला तो नेमका याच तीस फुटांत.

हाताला उत्तर लागतं. एफ-१६ या लढाऊ विमानाची बाजूची स्टिक सुरुवातीला मुळी हलायचीच नाही. पायलट किती जोर लावतोय एवढंच ती मोजायची. ते काम अचूक करायची, पण हातांना रुचेना, म्हणून पुढं तिला थोडीशी हालचाल देण्यात आली. बोइंगनं तर १९९४मध्ये ७७७ उडवलं तेव्हा याहून मोठा निर्णय घेतला. तेही सगळं तारांतल्या संदेशांवर चालणारं विमान. खांब ठेवायची यांत्रिक गरज नव्हती. तरी त्यांनी दोन्ही योक ठेवले, एकमेकांना जोडले, ऑटोपायलटबरोबर हलावेत म्हणून त्यांना मोटरी लावल्या. कल ३५ अंशांपलीकडं गेला की चाक हाताला मागं ढकलतं. तरीही जोर लावलात तर जाऊ देतं. एका कारखान्यानं हाताला मोकळं केलं, दुसऱ्यानं हाताशी बोलणं चालू ठेवलं.

योक म्हणजे जू. संस्कृतातलं युग, आपलं जू आणि तो इंग्रजी शब्द, तिन्ही एकाच मुळाचे. आपण ‘जू मानेवर ठेवलं’ म्हणतो तेव्हा ओझंच डोळ्यांपुढं येतं. पण जू दोघांचं असतं. एकानं मान वळवली की दुसऱ्याच्या खांद्याला समजतं, आणि न बोलता दोघांची पावलं सारखी पडतात.

एअर फ्रान्स ४४७बद्दल मी वर्गात दरवर्षी बोलते आणि दरवर्षी एका जागी घसा दाटतो. १ जून २००९, अटलांटिकवरची काळी रात्र, ए३३०, २२८ माणसं. वेग मोजणाऱ्या नळ्यांत बर्फ साचलं, ऑटोपायलट सुटला, आणि विमानाची ती नेहमीची राखणही गळून पडली. उजवीकडच्या को-पायलटनं स्टिक मागं ओढली. विमान ३८,००० फुटांपर्यंत चढलं, पंखांवरची हवा सुटली, आणि ते नाक वर करूनच समुद्राकडं पडत गेलं. ऑटोपायलट सुटल्यापासून पाण्यापर्यंत साडेचार मिनिटंही नाहीत. मध्येच डावीकडच्यानं प्रायॉरिटी घेतली. उजवीकडच्यानं काही न बोलता लगेच परत घेतली. विश्रांतीला गेलेला कॅप्टन दीडेक मिनिटात धावत आला, तर त्याला दिसणार काय? भिंतीशी अंधारात एक मूठ. शेवटच्या मिनिटात उजवीकडच्यानं स्वतःच सांगितलं, मी केव्हाची पूर्ण मागं ओढून धरलीय. तिथं माझा घसा दाटतो. खांब असता तर तो कॅप्टनला पोटाशी आलेला दिसला असता, डावीकडच्याच्या मांडीत रुतला असता. सांगावं लागलंच नसतं.

वर्गातली मुलं यावर मान डोलावतात, आणि मग मला त्यांना तिथंच थांबू देता येत नाही. त्याच वर्षी १२ फेब्रुवारीला अमेरिकेत बफेलोजवळ कोल्गन एअरचं क्यू४०० पडलं, ५० माणसं गेली. त्यात योक होते, जोडलेले. कॉलम थरथरला, कॅप्टननं तो मागं ओढला, विमानाच्या यंत्रणेनं स्वतःहून पुढं ढकलला तर त्यानं आणखी ओढला. शेजारच्या को-पायलटपुढचा कॉलमही तसाच मागं गेला असणार. तिनं थांबवलं नाही. कुणी न सांगता फ्लॅप, म्हणजे कमी वेगात विमानाला तोलून धरणारे पंखांचे मागचे पत्रे, मात्र वर घेतले. आणि एप्रिल २०२२मध्ये पॅरिसला उतरणाऱ्या एका ७७७मध्ये दोन्ही पायलट आपापला योक एकमेकांविरुद्ध ओढत राहिले, इतक्या जोरानं की दोघांमधली जोडणी काही क्षण सुटली. विमान सुखरूप उतरलं. पण दोघांनाही वाटत होतं, विमान ऐकत नाहीये. शेजारच्या माणसाचा हात तळहातात येऊन पोचला होता, आणि तरीही तो ओळखू आला नाही.

म्हणून मी योकच्या बाजूनं उभी राहून भांडत नाही. माझं भांडण त्या जोडणीसाठी आहे. स्टिक जोडली तर वजन वाढतं, यंत्र वाढतं, एक अडकली तर दुसरी अडकायची भीती, ही त्या काळची कारणं खरी होती. आज ती पुरत नाहीत. २०१८मध्ये प्रमाणपत्र मिळालेल्या गल्फस्ट्रीम जी५००मध्ये साइडस्टिक्स एकमेकींशी विजेनं बोलतात. डावी हलली की उजवी हलते, आणि ऑटोपायलटबरोबर दोन्ही. रशियाच्या एमसी-२१ या प्रवासी विमानासाठीही अशाच बनवल्या गेल्या. म्हणजे टेबलही राहतं, मोकळे पडदेही राहतात, आणि दोन बोटांचं वजन शेजारच्याला लागतं. माझ्या उरलेल्या वर्षांत मी शिकवते त्या विमानात हे येईल असं दिसत नाही. पुढच्या प्रत्येक नव्या विमानात मात्र ते असायलाच हवं, असं मला अगदी पोटातून वाटतं.

तोवर जे हातातून जायचं ते तोंडातूनच द्यावं लागणार. आणि ते मला जड जातं, कारण मी न बोलणाऱ्या सरांची विद्यार्थिनी आहे. “थोडं कमी ओढ” या तीन शब्दांना वेळ लागतो. तीस फुटांवर तेवढा वेळ नसतो. शिवाय शब्द ऐकून माणूस आक्रसतो, बोटाच्या वजनानं आक्रसत नाही. दुसऱ्या बाजूनं, बोललेलं दोघांनाही ऐकू येतं, नाकबूल करता येत नाही. सरांच्या बोटांनी माझी किती लँडिंग्ज सावरली, याचा हिशेब माझ्याकडं नाही. कदाचित मी “माझी” म्हणून मिरवलेल्या काहींमध्ये अर्धा वाटा त्यांचाच असेल. या मुलाला निदान पडद्यावर दोन रेघा वेगळ्या दाखवता आल्या.

मी त्या दाखवल्या. वरची तुझी, म्हटलं, आणि खालची ही माझी. हा उंचवटा माझा आहे, तुझं लँडिंग चांगलं चाललं होतं. तो बराच वेळ पडद्याकडं बघत राहिला. मग म्हणाला, “मला वाटलं, वारा होता.” एवढंच. माझ्या हाताला तो वारा समजला होता.

आम्ही सिम्युलेटर पुन्हा पंधराशे फुटांवर नेला. तोच वारा, तीच रात्र. खऱ्या विमानात मी असं करणार नाही, तिथं माझा हात स्टिकजवळच हवा. पण इथं मी त्याला सांगून डावा हात उचलला आणि गुडघ्यावर ठेवला. फिफ्टी. फोर्टी. थर्टी. त्यानं ओढलं. नाक सावकाश वर आलं, त्याच्या हातानं मागितलं तेवढंच, आणि चाकं टेकली, जरा उजवीकडं, जरा जोरात, पण त्याची. वेग कमी होत गेला. त्यानं माझ्याकडं पाहिलं. मी खाली पाहिलं तर गुडघ्यावरचं पँटचं कापड माझ्या मुठीत होतं, मागं ओढलेलं, चुण्या पडलेलं.